उपड्या डब्यातलं दूध

जेठाभाईंनी डब्याचं झाकण काढलं, डबा माझ्या टेबलावर धरला आणि सरळ उपडा केला. मी खालचं ड्रॉइंग वाचवायला झेप घेतली. पण डब्यातून काही पडलंच नाही.

“जुओ मोहितेभाई,” ते म्हणाले, “दूध बहार नीकळतुं ज नथी!”

खरंच निघत नव्हतं. वरचं त्यांनी आधीच काढून टाकलं होतं. तळाशी जे उरलं होतं ते पांढरंशुभ्र आणि घट्ट बसलं होतं. जरा वेळानं त्याचा एक कोपरा सुटला आणि थप्पकन माझ्या टी-स्क्वेअरच्या पट्टीवर येऊन पडला. बाकीचं तसंच डब्याला धरून राहिलं.

नोकरीत लोकांनी परत आणलेला माल मी पुष्कळ पाहिला. गळणारी टाकी, न बसणारं झाकण, वर्षभरात गंजलेली पन्हळ. आतलं बाहेर येत नाही म्हणून तक्रार घेऊन आलेलं हे पहिलंच गिऱ्हाईक.

तेव्हा बडोद्यात महाराजांच्या कारकिर्दीची शेवटची वर्षं चालू होती. लहरीपुऱ्याच्या दरवाज्याजवळ एका गल्लीत भाऊसाहेबांचा पत्राकामाचा कारखाना होता. भाऊसाहेब संस्थानच्या नोकरीत वहिवाटदार होते, म्हणजे एका तालुक्याचे मोठे साहेब. पेन्शनीत निघाल्यावर त्यांच्या बरोबरीचे लोक संध्याकाळी तलावाच्या काठी बसून जुन्या बदल्या-बढत्यांच्या गोष्टी करत. भाऊसाहेबांनी पत्रा कापायचं मशीन विकत घेतलं. माणूस हौशी, सरळ आणि तापट. कचेरीतली सवय अशी, की तक्रार आली की आरोपी कोण ते आधी ठरवायचं आणि चौकशी मागाहून करायची.

मी तिथे ड्रॉइंग करायचो आणि कामावर देखरेखही ठेवायचो. आमच्या घराण्यात तोवर सगळे पलटणीत. मी नेमकं काय करतो हे वडिलांना कधी नीट समजलं नाही. ते लोकांना सांगत, “मुलगा डबे करतो.” तेही काही खोटं नव्हतं.

आमचं काम गिऱ्हाइकाच्या मापाचं. तयार माल ठेवायचा नाही. कोणाला कोनाड्यात बसेल अशी धान्याची कोठी हवी, कोणाला फरसाणाच्या दुकानासाठी उतरत्या तोंडाचा डबा हवा. मी कागदावर काढायचो, मग पत्रा कापून, वाकवून त्याचे भाग व्हायचे. ते भाग जोडायचे, ही असेंब्ली. शेवटी घासून, धुऊन, चमकवून माल गिऱ्हाइकाच्या हाती द्यायच्या लायकीचा करायचा, हे फिनिशिंग. हे तीन टप्पे लक्षात ठेवा, पुढे लागतील.

जेठाभाई बडोद्याजवळच्या पादरा गावचे. दुधाचा धंदा. शहरातल्या एका दवाखान्यानं आजाऱ्यांसाठी त्यांचं दूध घ्यायचं कबूल केलं होतं, पण आधी थोडे दिवस परीक्षा म्हणून. तोवर ते पितळेच्या मोठ्या चरव्यांतून दूध आणत. लहान रुळांच्या गाडीत गोल चरव्या कलंडायच्या आणि उन्हानं तापायच्या. म्हणून त्यांना चौकोनी डबे हवे होते, एकाला एक लागून बसणारे. मी दुहेरी भिंतीचा डबा काढून दिला. आतला डबा कल्हईच्या पत्र्याचा, बाहेरचा जस्ताच्या पत्र्याचा, आणि दोहोंच्या मध्ये लाकडाचा भुसा ठासून भरलेला. बाहेरची झळ आत जाऊ नये ही कल्पना. मला तो डबा फार आवडला होता. इतका, की मी बायकोला कारखान्यात आणून दाखवला. ती म्हणाली, “जड आहे हो.”

आता तोच डबा माझ्या टेबलावर उपडा होता.

“डॉक्टर बोल्या,” जेठाभाई म्हणाले, “दूध खाटुं छे. नव्या डब्यातून तेजाब उतरतंय. अजून एकदा असं आलं तर दूध बंद, अने पोलिसात पण सांगीन, असं बोल्या. माझ्या म्हशी, माझी अब्रू, बधुं गयुं!”

तेजाब म्हणजे ऍसिड. त्याचं नाव निघायला कारण होतं. पत्र्याचे दोन तुकडे जोडताना त्यांच्या कडा एकमेकींत अडकवून ठोकतात. त्या जोडाला सीम म्हणतात. मग बाहेरून त्या सीमवर कथील-शिशाचा रस फिरवून ती बंद करतात. हे झाळकाम. रस पत्र्याला धरावा म्हणून आधी तिथे जस्त विरघळवलेलं ऍसिड लावावं लागतं. काम झाल्यावर ते धुऊन काढायचं. नाही काढलं तर राहतं.

आमचं झाळकाम उस्मान करायचा. तिशीतला, कमी बोलणारा. त्याच्या जोडावरून बोट फिरवलं तर पत्रा कुठे संपला आणि जोड कुठे सुरू झाला ते कळायचं नाही.

आवाज ऐकून भाऊसाहेब वरून खाली आले. जेठाभाईंनी सगळं पुन्हा सांगितलं. भाऊसाहेबांनी डब्यात वाकून पाहिलं, वास घेतला आणि तिथूनच हाक मारली, “उस्मान! इकडे ये!”

तो आला. त्याच्यामागे सगळा कारखाना आला.

“तेजाब धुतोस की नाही?”

“धुतो साहेब. दोन पाण्यानं धुतो.”

“मग दूध आंबट कसं झालं? आजारी माणसं आहेत ती. लहान पोरं आहेत. त्यांच्या पोटात तू तेजाब घातलंस!”

उस्मानचा चेहरा उतरला. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी बोलायच्या बेतात होतो, पण तेवढ्यात त्यानं डब्यात हात घातला, आतलं मूठभर काढलं आणि आम्हा सगळ्यांच्या देखत खाल्लं.

“अरे, अरे!” जेठाभाई ओरडले.

“तेजाब आहे ना?” उस्मान म्हणाला. “मग माझ्याच पोटात जाऊ दे.” त्यानं दुसरी मूठ भरली, तीही खाल्ली. भाऊसाहेब पांढरेफटक पडले. आणि भ्यालेली माणसं रागावतात तसे रागावले.

“तमाशा करू नकोस. घरी बस. मी बोलावल्याशिवाय येऊ नकोस.”

उस्माननं हात पुसले, आपली हत्यारं उचलली आणि गेला. घरात म्हातारी आई, तीन मुलं. तेजाब पाजणारा अशी ख्याती झाली तर बडोद्यातला एकही पत्रेवाला त्याला दारात उभं करणार नव्हता. हे त्याला कळत होतं आणि मलाही. मला फार वाईट वाटलं.

पण खरं सांगायचं तर वाईट वाटण्याइतकंच कुतूहलही वाटलं. उस्माननं दुसरी मूठ खाल्ली ती रागानं असेल. पण ती खाताना त्याचं तोंड वाकडं झालं नव्हतं. सगळे पांगल्यावर मी टी-स्क्वेअरवरचा गोळा बोटानं उचलला आणि जिभेवर ठेवला.

दही होतं. आणि उत्तम दही. गोडसर, कवडी पडलेलं, पाणी न सुटलेलं. तेजाबाच्या धास्तीनं जेठाभाईंनीही ते जिभेला लावलं नसावं. आमच्या घरी असं लागत नव्हतं. हे मी घरी बोललो नाही.

मी वर गेलो. भाऊसाहेब येरझाऱ्या घालत होते. मी समोरच्या हॉटेलातून दोन कप कच्चं दूध मागवलं आणि उस्मानच्या बाटलीतलं थोडं ऍसिड एका कपात टाकलं.

“हे काय चालवलंय मोहिते?”

“बघा ना साहेब.”

दूध तिथल्या तिथे फाटलं. गुठळ्या एकीकडे, हिरवट पाणी एकीकडे.

“ऍसिडनं असं होतं,” मी म्हटलं. “डब्यातलं असं नव्हतं. ते नासलेलं नाही साहेब, विरजलेलं आहे. आपल्या डब्यात दही लागलंय.”

भाऊसाहेब खुर्चीत बसले. “दही लागायला विरजण लागतं. ते घातलं कोणी?”

“तेच शोधायचंय.”

“जेठाभाई तर नव्हे? दह्याचा हात दुधाला लागत असेल.”

आता आरोपी जेठाभाई. भाऊसाहेबांना कोणीतरी लागायचंच. मी म्हटलं, मी पादऱ्याला जाऊन बघतो.

रविवारी गेलो. जेठाभाईंच्या घरी दुधाची व्यवस्था मी संध्याकाळपासून पाहिली आणि मला खोट सापडेना. दह्याचं भांडं वेगळ्या खोलीत, तिथली बाई वेगळी. डबे राखेनं घासून, विहिरीच्या पाण्यानं धुऊन, उन्हात पालथे घातलेले. संध्याकाळचं दूध मोठ्या कढईत उकळायचं, कोमट होऊ द्यायचं, डब्यांत भरायचं, आणि पहाटेच्या गाडीनं बडोद्याला.

“कोमट कशाला करता? गरमच का भरत नाही?” मी विचारलं.

“गरम भरलं तर अंदर वाफ कोंडाते. दुधाला वास लागते.”

“पूर्वीपासून असंच?”

“चरवीत पण असंच. चरवीचं दूध कदी नाय बिघडलं. आजही एक चरवी पाठवतो, एनुं ए ज दूध, ती बरोबर जाते.” मग ते जवळ सरकले. “पण एक वात कहूं? गया गुरुवारे माझी बाई आजारी होती. उशीर झाला. कढईतून उकळतं दूध सीधुं डब्यात ओतलं. ते दिवशी दूध चांगलं आलं!”

मी दोनदा विचारून खात्री करून घेतली. तेच दूध चरवीत चांगलं राहतं. डब्यात कोमट भरलं तर दही होतं. त्याच डब्यात उकळतं भरलं तर दूधच राहतं. याचा अर्थ विरजण दुधात नव्हतं, डब्यात होतं. आणि उकळत्या दुधानं ते मरत होतं. परतीच्या गाडीत मला बसवेना. पत्र्याच्या डब्यात विरजण कुठून येणार? पत्रा काही म्हशीचा नसतो.

कारखान्यात जेठाभाईंच्याच ऑर्डरचे आणखी डबे तयार होत होते. त्यातला एक पूर्ण झालेला, चमकवलेला डबा मी घेतला. दुसरा उस्मानच्या बाकावरचा घेतला. त्याचं झाळकाम झालं होतं, पण फिनिशिंग बाकी होतं. दोन्ही साध्या पाण्यानं धुतले, एकाच पातेल्यातलं कोमट दूध दोन्हींत ओतलं, झाकणं लावली आणि कारखान्याची किल्ली खिशात घालून घरी गेलो.

सकाळी भाऊसाहेबांच्या देखत झाकणं काढली. उस्मानच्या बाकावरच्या डब्यात दूध होतं. चमकवलेल्या डब्यात दही होतं.

भाऊसाहेब आळीपाळीनं दोन्हींकडे पाहत राहिले.

“म्हणजे उस्मानच्या हातून सुटेपर्यंत डबा चांगला होता,” मी म्हटलं.

“आणि नंतर?”

नंतर डबा छगनभाईंकडे जायचा. छगनभाई कंसारा, आमचे फिनिशिंगचे कारागीर. कंसारे म्हणजे तांब्यापितळेची भांडी घडवणारे. पिढ्यान्‌पिढ्या त्यांचं तेच काम. ते मागच्या अंगणात विहिरीजवळ बसत. त्यांनी हात लावलेल्या मालात स्वतःचं तोंड बघून भांग पाडावा. त्यांच्या शेजारी एक काळं मडकं असे. मी ते रोज बघत होतो. उन्हाळ्यात प्यायला काहीतरी आणत असतील, असं मला वाटायचं. आणतही होते, पण सगळं पीत नव्हते.

आम्ही गेलो तेव्हा छगनभाई एका नव्या डब्यात हात घालून आतून घासत होते. फडकं मडक्यात बुडवत होते आणि डब्यात फिरवत होते.

“छगनकाका, यात काय आहे?”

“छास,” ते म्हणाले. “त्रण दिवसनी. बराबर खाटी.”

छास म्हणजे ताक. तीन दिवसांचं, कडकडीत आंबट ताक.

“डब्याला ताक लावता?” भाऊसाहेबांचा आवाज चढला.

“ते शिवाय चमक कशी येणार साहेब? झाळकामाचे काळे डाग पडतात, ते आंबटानंच जातात. माझा बाप तांब्याला छासच लावत होता, त्याचा बाप पण. मग राख, मग पाणी. जुओ, चांदी जेवुं!”

खरंच चांदीसारखं दिसत होतं.

मी तिथेच विहिरीच्या काठावर बसलो आणि हसू लागलो. छगनभाईंची पद्धत त्यांच्या कामाला अगदी बरोबर होती. तांब्याचा हंडा ठोकून घडवतात, आतून तो तळहातासारखा गुळगुळीत. ताक लावा, धुवा, काही मागे राहत नाही. पण आमचा डबा वाकवलेला आणि जोडलेला. उस्मान तो बाहेरून झाळायचा. आतल्या बाजूला सीमची एक बारीक फट उघडी राहायची. तिच्यात नख जात नाही, पण धोतराच्या सोग्यात पाणी चढतं तसं ताक चढून बसतं. राखेनं घासलं, विहिरीच्या पाण्यानं धुतलं, तरी ते आतच. मग जेठाभाई वरून कोमट दूध ओतणार. आणि माझ्या हौसेच्या दुहेरी भिंती ती ऊब रात्रभर धरून ठेवणार. थंडीत आपल्याकडे दह्याचं पातेलं कणकेच्या डब्यात ठेवतात ना, तसं. तीन टप्प्यांत तिघांनी आपापलं काम चोख केलं होतं, आणि मिळून दह्याचं यंत्र तयार केलं होतं.

सगळं ऐकून भाऊसाहेब म्हणाले, “आता यात आरोपी कोण?”

“कोणी नाही साहेब.”

हे उत्तर त्यांना पचायला जड गेलं.

उपाय सोपा होता. सीम आतूनही झाळून फट बंद करायची. दुधाचे डबे ताकानं नव्हे, तर धुण्याच्या सोड्यानं आणि उकळत्या पाण्यानं धुवायचे. छगनभाई आधी रुसले. मग त्यांनी सोड्यानं एक डबा करून बघितला, तिरका धरून उजेडात पाहिला आणि “चाले” म्हणाले. पितळेच्या कामाला मात्र त्यांनी ताक सोडलं नाही. सोडायचं कारणही नव्हतं.

पण आतून झाळायचं म्हणजे अरुंद डब्यात हात घालून, न दिसणाऱ्या कोपऱ्यात, पत्रा न जाळता काम करायचं. आमच्या दुसऱ्या दोन कारागिरांनी प्रयत्न केला. जोडावर कथलाचे लाडू बसले. हे काम उस्मानचं होतं. शिवाय काही चूक नसताना तो घरी बसला होता, आणि हे आता भाऊसाहेबांना माझ्याइतकंच ठाऊक होतं.

त्यांनी शिपायाबरोबर निरोप धाडला, ‘कामावर ये.’ शिपाई एकटाच परत आला. दुसऱ्यांदाही एकटाच.

“माजलाय का तो?” भाऊसाहेब म्हणाले. मग त्यांनी खुंटीवरचा कोट काढला. “चला मोहिते. घर माहीत आहे ना तुम्हाला?”

आयुष्यभर लोक ज्यांच्या कचेरीबाहेर ताटकळले, ते भाऊसाहेब त्या दिवशी एका झाळकाऱ्याच्या ओसरीवर जाऊन उभे राहिले. उस्माननं खाट टाकली. त्याच्या आईनं दारातून सलाम केला. भाऊसाहेबांनी सगळी हकीकत सांगितली. त्यांनी काही लपवलं नाही, हे मी त्यांच्या बाजूनं सांगेन. ताक, फट, भुसा, सगळं सांगितलं. मग म्हणाले, “उस्मान, माझं चुकलं. तुझ्यावर उगाच आळ घेतला.”

एवढं ऐकून मला वाटलं, झालं. उस्मानला मात्र तसं वाटलं नाही. तो खाली बघत बसला होता.

“साहेब, तुम्ही घरी आलात, मोठी गोष्ट आहे,” तो म्हणाला. “पण मला तेजाबवाला म्हटलंत ते इथे नाही म्हटलं. इथे आई आहे, तिला ठाऊक आहे मी कसा आहे. म्हटलंत ते कारखान्यात. सगळ्यांनी ऐकलं, पादऱ्याच्या शेठनं ऐकलं. काल माझ्या पोराला गल्लीत कुणी विचारलं, तुझा बाप दुधात काय घालतो.”

भाऊसाहेब उठले. परत येताना सगळा रस्ता ते माझ्या दोन पावलं पुढे चालत होते. मला वाटलं, गेला उस्मान हातचा.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जेठाभाईंना पादऱ्याहून बोलावून घेतलं. उस्मानला निरोप गेला, ‘जिथे म्हटलं तिथे ये.’ तो आला आणि दाराशी उभा राहिला. भाऊसाहेब जिन्यावरून खाली उतरले आणि म्हणाले, “हातोडे थांबवा.”

पत्र्याच्या कारखान्यात शांतता काय असते ते मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. शेजारचा दुकानदारही काय झालं म्हणून डोकावला.

“सगळ्यांनी ऐका,” भाऊसाहेब म्हणाले. “उस्मानच्या कामात तेजाब नव्हतं. दोष त्याचा नव्हता. मी चौकशी न करता बोललो. चूक माझी होती. जेठाभाई, हे तुम्ही दवाखान्यात माझ्या नावानं सांगा.”

“हां, हां,” जेठाभाई म्हणाले. “नक्की कहीश.” त्यांनी सांगितलंही. नव्या डब्यांतून दूध दुधासारखं पोचलं आणि दवाखान्याचं काम त्यांच्याकडेच राहिलं. जुन्यातला एक डबा मात्र त्यांनी आम्हाला दुरुस्त करू दिला नाही. घरच्या श्रीखंडासाठी तसाच ठेवला.

उस्मान दारातून आत आला, आपल्या बाकाशी गेला, हत्यारं मांडली. मग भाऊसाहेबांकडे वळून म्हणाला, “साहेब, आता हातोडे चालू करायला सांगा. काम खोळंबलंय.”

पुढे मी बरीच वर्षं नोकरी केली. मोठ्या कारखान्यांत गेलो, हाताखाली पुष्कळ माणसं आली, आणि मीही कधीकधी चुकीच्या माणसावर ओरडलो. अशा वेळी केबिनमध्ये बोलावून, दार लावून, हलक्या आवाजात ‘सॉरी’ म्हणण्याचा मोह फार होतो. त्यानं आपल्याला बरं वाटतं. त्या माणसाला नाही. ज्यांच्यासमोर ओरडलो त्यांच्यासमोर, मशीन बंद करून सांगावं लागतं. प्रॉडक्शन दोन मिनिटं थांबतं, तेवढं थांबू द्यावं.